बाबांच्या देशात राहायला जायचंय? आधी बाबांची ट्रंक उघडा

माझे बाबा मॉरिशसचे. म्हणजे मराठीच, घरी गणपती बसवणारे, पण जन्म, शाळा, पासपोर्ट सगळं तिकडचं. १९८८ साली स्कॉलरशिपवर एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकायला बडोद्यात आले, दांडिया बाजारात एका वाड्यात वरची खोली भाड्याने घेतली, खाली आईचं घर होतं, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. माझा जन्म १९९९ चा, इथलाच. आता मी तिकडे राहायला चाललेय, कायमची का ते मलाही माहीत नाही पण काही वर्षं तरी, आणि गेले आठ महिने नुसती तयारी चालू आहे. त्यात एवढी धडपडलेय की आता कोणी विचारलं तर मी अर्धा तास न थांबता बोलू शकते, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. तुमच्या बाबांचा देश दुसरा असला तरी निम्मं कामाला येईल.

पहिलं म्हणजे आपल्या कागदांपासून सुरुवात करू नका. मी तेच केलं, आधार, पॅन, मार्कशीटा, सगळं छान फायलीत लावलं आणि मग कळलं की हे सगळं नंतरचं आहे, तिकडचा माझा हक्क माझ्या कागदांतून येतच नाही, तो बाबांच्या कागदांतून येतो. मॉरिशसच्या राज्यघटनेतलं कलम २३ असं आहे की ११ मार्च १९६८ नंतर देशाबाहेर जन्मलेल्या मुलाची आई किंवा वडील त्या जन्माच्या दिवशी मॉरिशसचे नागरिक असतील तर ते मूल जन्मापासूनच नागरिक. फक्त अट एवढीच की ते आई किंवा वडील स्वतः असेच बाहेर जन्मून आईबापामुळे नागरिक झालेले नसावेत. बाबा तिकडेच जन्मले, १९६६ ला, त्यामुळे तो प्रश्न मिटला (देश स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ ला, म्हणून ते नेहमी म्हणतात की मी देशापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, हा जोक आम्ही दर वर्षी १२ मार्चला ऐकतो). पण माझी मुलं उद्या भारतात जन्मली तर त्यांना हे आपोआप मिळणार नाही, हेही लक्षात ठेवा.

यातला खरा शब्द आहे "जन्माच्या दिवशी". बाबा आज मॉरिशसचे आहेत एवढं पुरत नाही, माझ्या जन्माच्या दिवशी ते होते हे दाखवायला लागतं. म्हणजे १९९९ साली चालू असलेला त्यांचा जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट लागणार. तो कुठे असावा? माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या शालूखाली, आणि आई दर दिवाळीला साफसफाईत म्हणायची की ही जुनी रद्दी एकदा काढून टाका! देवाने बाबांना आळशी केलंय म्हणून वाचलं. तर ट्रंक उघडा, एक दुपार घालवा, आणि जे जे सापडेल ते फेकू नका. जुने पासपोर्ट सगळे, इथले रेसिडेन्स परमिटचे कागद, आईबाबांचं लग्नाचं सर्टिफिकेट, बाबांचा जन्मदाखला. आमच्याकडचा जन्मदाखला घडीघडीवर फाटलेला होता म्हणून आत्याने तिकडे राजधानीत, पोर्ट लुईच्या सिव्हिल स्टेटस ऑफिसमधून (जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवतात ते) नवीन उतारा काढून पाठवला. तिकडे कोणी नातेवाईक असेल तर हे काम त्यांनाच सांगा, इथून करण्यापेक्षा खूप सोपं पडतं.

आता नावाची भानगड. ही सगळ्यात जास्त वेळ खाते म्हणून ही आधी बघा. इंग्रजांच्या काळात मजुरीला तिकडे गेलेली आपली माणसं, बरीचशी रत्नागिरी-सातारा बाजूची, मुंबई बंदरातून जहाजावर चढली आणि उतरल्यावर साहेबाने जसं ऐकलं तसं नाव लिहिलं. कुळाचं आडनाव बहुतेकांचं तिथेच गळालं आणि ज्या माणसाचं नाव लिहिलं त्याचंच नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. आमचंही तसंच, बाबांच्या पणजोबांचं पहिलं नाव हेच आमचं आडनाव. आणि स्पेलिंग फ्रेंच-इंग्रजी खिचडी, जिथे आपण यू लिहितो तिथे डबल ओ, शेवटी आपला आय तर त्यांचे दोन ई. इथे माझ्या शाळेत बाईंनी ते "सुधारून" लिहिलं, मग दहावीचं सर्टिफिकेट तसं, पासपोर्ट तसा. बाबांच्या कागदांवर एक आडनाव, माझ्या कागदांवर दुसरं, आणि लग्नाच्या सर्टिफिकेटवर तिसरंच! कोणता क्लार्क मानेल की आम्ही बापलेक आहोत.

उपाय काय तर एक पान घ्या, त्यावर प्रत्येक कागदावर कोणाचं नाव कसं लिहिलंय ते एकाखाली एक उतरवा. ते पान बघूनच अर्धी अक्कल येते. मग ठरवा की मूळ कोणतं धरायचं. मी बाबांच्या जन्मदाखल्यातलं धरलं. जिथे दुरुस्ती होते तिथे करून घ्या, जिथे होत नाही तिथे "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं स्टॅम्प पेपरवर अ‍ॅफिडेव्हिट नोटरीकडून करून ठेवा. आणि काहीही झालं तरी नवीन कागदावर नवीन चौथं स्पेलिंग येऊ देऊ नका, फॉर्म स्वतः भरा, काउंटरवरच्या माणसाला तोंडी सांगू नका.

माझा स्वतःचा जन्मदाखला जुना, हाताने लिहिलेला, गुजरातीत. तो इथे चालतो, तिकडे कोण वाचणार. महानगरपालिकेतून इंग्रजी असलेला कॉम्प्युटरचा दाखला घ्या, आणि एक नाही, तीन प्रती घ्या. मग त्यावर अपॉस्टिल, म्हणजे इथला कागद दुसऱ्या देशात खरा धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. भारत आणि मॉरिशस दोघंही अपॉस्टिलच्या करारात आहेत त्यामुळे आधी राज्य सरकारचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल झालं की तिकडे वेगळं काही लागत नाही. इथे मी जी चूक केली ती सांगते, एका एजंटला ओरिजिनल दाखला दिला, पावती घेतली नाही, ओळखीचा आहे म्हणून, आणि तीन आठवडे त्याने फोनच उचलला नाही. मिळाला शेवटी, पण ते तीन आठवडे मी काय जेवले मला आठवत नाही. पावतीशिवाय ओरिजिनल हातातून सोडायचं नाही, मग तो मामाचा मित्र का असेना.

आता सगळ्यात मोठं, पासपोर्ट कोणता. इथे लोक फार चुकीचं सांगतात. "अगं दोन्ही ठेव की, कोणाला कळतंय", असं मला किमान पाच जणांनी सांगितलं, त्यातले दोघं वकील. ऐकू नका. माझी आई भारतीय, माझा जन्म १ जुलै १९८७ नंतरचा आणि ३ डिसेंबर २००४ च्या आधीचा, त्या काळात जन्मलेल्यांना दोघांपैकी एक जण भारतीय असला तरी पुरायचं, म्हणून मी जन्माने भारतीय आहे. मॉरिशसला दोन नागरिकत्वांचा त्रास नाही. भारताला आहे. आपल्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढला की तुम्ही स्वखुशीने तिकडचे झालात असंच धरतात, आणि त्या दिवसापासून भारतीय पासपोर्ट वापरणं हा गुन्हा होतो. मग तो सरेंडर करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डला अर्ज करायचा. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा समजा, येऊन राहता येतं, काम करता येतं, पण मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर येते. बडोद्याजवळ पादरा गावाकडे आजोबांची थोडी जमीन आहे म्हणून हा मुद्दा आमच्या घरी फार चघळला गेला, मामाने तर मला बाजूला घेऊन विचारलं की तू नक्की काय करणार आहेस.

क्रम महत्त्वाचा आहे. इथे बडोद्यात बसून मॉरिशसचा पासपोर्ट हातात घेतला तर त्या क्षणापासून तुम्ही भारतात परदेशी, व्हिसा नसलेले, मग बाहेर पडतानाच पंचाईत. म्हणून मी असं ठरवलंय की भारतीय पासपोर्टवरच जायचं. आपल्याला तिकडे फिरायला जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिकडे जाऊन नागरिकत्वाचं काम, ओळखपत्र, पासपोर्ट, आणि मग पोर्ट लुईच्या भारतीय हायकमिशनमध्ये इकडचा पासपोर्ट जमा आणि तिथूनच ओसीआय. पण तोवर नोकरी करायची नाही हं, टुरिस्ट म्हणून आत गेलेल्या माणसाला काम करता येत नाही, त्यामुळे पहिले काही महिने घरातून पैसे लागतील हे धरूनच चला. आणि जायच्या आधी दिल्लीच्या त्यांच्या हायकमिशनला किंवा मुंबईच्या कॉन्सुलेटला तुमची केस ईमेलवर लिहून उत्तर घ्या, फोनवरच्या उत्तराला काही अर्थ नसतो, लिहिलेलं उत्तर प्रिंट करून जवळ ठेवा.

कागद झाले. आता बाबा.

बाबांकडून माहिती घ्या पण तारीख घालून घ्या, हे मी फार उशिरा शिकले. माझ्या बाबांचा मॉरिशस १९८८ ला थांबलाय. मधे दोन-तीनदा जाऊन आले, शेवटचं २००९ ला, आजी गेली तेव्हा. ते मला सांगत होते की पोर्ट लुईहून क्युरपिपला जायला व्हिक्टोरिया स्टेशनवरून बस पकड, खिडकी डावीकडची घे. बस आहेच, पण आता मेट्रो पण आहे, क्युरपिपपर्यंत २०२२ मध्ये पोचली. मी व्हिडिओ दाखवला तर बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, आमचे आजोबा सांगायचे की इथून आगगाडी जायची. खरंच जायची, १९६४ ला बंद झाली. म्हणजे आजोबांना जे माहीत होतं ते परत आलं आणि मधल्या मधे बाबांनाच नाही मिळालं. एबेन हा भाग म्हणाल तर बाबांच्या डोक्यात तिथे अजून ऊस आहे, तिथे आता काचेच्या बिल्डिंगा आणि आयटी कंपन्या, आणि मला नोकरी मिळाली तर बहुतेक तिथेच मिळेल.

डायरीतले फोन नंबर पण तपासा. बाबांच्या डायरीतला एकही मोबाईल लागेना, आम्हाला वाटलं सगळ्यांनी नंबर बदलले की काय, आत्याचा तेवढा लागायचा कारण तो व्हॉट्सअ‍ॅपवर आधीपासून होता. मग कळलं की २०१३ मध्ये तिकडच्या मोबाईल नंबरांच्या आधी ५ लागला, सातचे आठ आकडे झाले. पुढे ५ लावून बघितलं तर तीन जण लागले! त्यातला एक बाबांचा शाळेतला मित्र, पंधरा वर्षांनी बोलले दोघं, मी चहा ठेवला तो उकळून आटला तरी फोन चालूच.

पण काही गोष्टी फक्त बाबांनाच माहीत असतात आणि त्या इंटरनेटवर मिळणार नाहीत. कोणता काका कोणाशी बोलत नाही आणि का. घराचा हिस्सा झालाय की नाही. गेल्यावर आधी कोणाच्या पाया पडायचं म्हणजे दुसरं कोणी रुसणार नाही. मी कमाटी बागेत संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाते आणि फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवते, सांगून हं, चोरून नाही. समोरासमोर बसून विचारलं की ते "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणतात, चालताना बोलतात.

भाषेचं पण तिथेच उरकतं. लोकांना वाटतं मॉरिशस म्हणजे इंग्रजी नाहीतर फ्रेंच. ऑफिसचे फॉर्म इंग्रजीत, पेपर फ्रेंचमध्ये आणि माणसं बोलतात क्रेओल, फ्रेंचपासून झालेली तिकडची बोली. बाबा घरी कधीच क्रेओल बोलले नाहीत, फक्त आत्याशी फोनवर, त्यामुळे मला ती भांडणाची भाषा वाटायची लहानपणी. पण शिकायला सोपी आहे, काळ बदलला तरी क्रियापद बदलत नाही. "मो पे मांझ दिरी" म्हणजे मी भात खातेय, "मो ती मांझ दिरी" म्हणजे खाल्ला, "मो पू मांझ दिरी" म्हणजे खाणार. पे, ती, पू, झालं व्याकरण. आपल्या मराठीत खातो-खाते-खातं करता करता परदेशी माणूस रडतो. सुरुवातीला एवढं तरी पाठ करा: "कि मान्येर" म्हणजे कसं काय, "कोम्ये" किती, "दूसमां" हळू, "मो पा कोंप्रां" मला नाही कळलं, आणि "कोरेक", म्हणजे आपलं बडोद्याचं ते कै वांधो नै, काही हरकत नाही. आत्याला तिकडची पोरं तांतीन म्हणतात, पण मी आत्याच म्हणणार, तिने स्वतः सांगितलंय.

आणि मराठी? आहे की. शाळेत विषय म्हणून शिकवतात, मोकाला महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये वरपर्यंत शिकता येतं. पण घरातली तरुण मुलं क्रेओलच बोलतात, माझ्या चुलतभावाला "गणपती बाप्पा मोरया" पूर्ण येतं आणि "पाणी दे" येत नाही. त्यामुळे आपण गेलो की सगळे मराठीत बोलतील अशा भ्रमात जाऊ नका. उलट गंमत म्हणजे जे आपण विसरलो ते त्यांनी धरून ठेवलंय, कोकणातली जाखडी तिकडे झाकरी म्हणून अजून नाचतात, मी बडोद्यात जन्मून एकदाही बघितली नव्हती. त्याच इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर मजुरीला नेलेल्या माणसांच्या, जहाजांची जुनी रजिस्टरं पण आहेत. पणजोबांचा इमिग्रेशन नंबर घरात कुठे लिहिलेला असेल तर घेऊन जा, त्यावरून गाव सापडू शकतं. आमच्याकडे तो देवघरातल्या पोथीच्या मागच्या पानावर निघाला, पेन्सिलीने लिहिलेला.

कधी जायचं ते ऋतू बघून ठरवा कारण तिकडे उलटं असतं. आपला मे म्हणजे बडोद्यात डांबर वितळतं, तिकडे तेव्हा थंडीची सुरुवात. वादळांचा सीझन नोव्हेंबर ते मे मध्यापर्यंत. वादळाची वॉर्निंग एक ते चार अशी क्लासमध्ये देतात, तीन लागला की घरात बसायचं, चार म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत सुरू झाले, दार पण उघडायचं नाही. आत्या म्हणते पहिल्या क्लासला लोक दुकानात पळतात, ब्रेड आणि मेणबत्त्या संपतात, तू क्लास एक लागला की लगेच पाणी भरून ठेव. मी जुलैत जातेय, वादळ नाही आणि गणपतीच्या आत पोचते. तिकडे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, हेन्रिएट्टा गावात १८९६ पासून गणपती बसतोय म्हणतात. दांडिया बाजारचे गणपती सोडून जायचं या विचाराने मला खरं तर पोटात कसंतरी होत होतं, ते या एका गोष्टीने जरा कमी झालं. स्वेटर घ्या, क्युरपिप उंचावर आहे आणि तिथे पाऊस कधीही येतो, बाबांचं गाव त्याच बाजूला.

नोकरीसाठी डिग्रीची मान्यता तिकडच्या हायर एज्युकेशन कमिशनकडून घ्यावी लागते, त्यासाठी युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात दोन-तीन घेऊन ठेवा, नंतर इथे आईला रांगेत उभं करू नका. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट ऑफिसकडूनच मिळतं, पण ते जायच्या जवळ काढा, जुनं झालं की कोणी घेत नाही. बँकेत सांगून ठेवा, तिकडे राहायला लागलात की इथलं सेव्हिंग अकाउंट एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्यावं लागतं. त्यांचा रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या आसपास, त्यामुळे दुकानात दर बघून सारखा गुणाकार करू नका, वेड लागेल.

सामान. माझी आई गेले दोन महिने पिशव्या भरतेय. फळं, बिया, रोपं, कढीपत्त्याची डहाळी असलं काही न्यायचं नाही, बेट आहे, बाहेरची कीड येऊ नये म्हणून ते फार कडक असतात. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असलं काही चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आणि आधी विचारूनच. प्लग आपला चालत नाही, चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडॅप्टर इथूनच घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिकडे २०१६ पासून बंदी आहे, हे सांगितल्यावर आईने सगळं परत काढून कापडी थैल्यांत भरलं, साड्यांच्या दुकानातल्या त्या दोरीवाल्या असतात ना, त्यात. पापड आणि लिलो चेवडो पॅकबंद. कुकर नाही. कुकरवरून आमचं भांडण झालं, तिकडे कुकर मिळतो हे आईला पटतच नव्हतं, शेवटी आत्याने व्हिडिओ कॉलवर स्वतःचा कुकर दाखवला तेव्हा आई म्हणाली, बरं, पण शिट्टी आपल्यासारखी होते का विचार.

झाली शिट्टी. आत्याने मुद्दाम डाळ लावून ऐकवली.